जोडीदार निवडताना देवाचे मार्गदर्शन कसे ओळखावे?

रविवारची उपासना संपली की भिलाईतल्या कोणत्याही मंडळीच्या आवारात माणसे थोडा वेळ रेंगाळतात. प्लांटच्या शिफ्ट, मुलांच्या परीक्षा, गावाकडची खबरबात असे विषय होतात. मग एखादी काकू हमखास विचारते, "काय गं, लेकीसाठी कुठे बघताय की नाही?" आई हसून म्हणते, "प्रार्थना करतोय. देवाची इच्छा असेल तेव्हा होईल."

विषय तिथे संपतो. पण जिच्याबद्दल हे बोलणे चाललेले असते तिच्या मनात तो तिथूनच सुरू होतो. देवाची इच्छा मला कळणार कशी? स्वप्न पडेल का? एखादे वचन अचानक समोर येईल का? आईबाबांनी आणलेले स्थळ हीच देवाची निवड मानायची, की माझ्या मनात जो आहे तोही देवानेच दाखवला असेल? आणि मी चुकले तर?

प्रिय वाचकहो, हा प्रश्न तुमच्या घरातही असेल. तुम्ही स्वतः लग्नाच्या वयाचे असाल किंवा तुमची मुले असतील. या लेखात आपण त्याचा शांतपणे विचार करू या.

भिलाईसारख्या गावात हा प्रश्न अधिक अवघड का होतो?

1955 साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्यासाठी करार झाला आणि फेब्रुवारी 1959 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कामासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. सेक्टरमधल्या एकाच इमारतीत मल्याळी, तेलुगू, बंगाली, ओडिया, पंजाबी, छत्तीसगढी आणि मराठी कुटुंबे राहू लागली. लोक या शहराला 'मिनी इंडिया' म्हणतात ते उगीच नाही.

त्याआधी या भागातले ख्रिस्ती जीवन प्रामुख्याने मिशनच्या गावांभोवती होते. 1868 मध्ये बिश्रामपूरला आणि 1899 मध्ये धमतरीला मिशनचे काम सुरू झाले. अशा छोट्या वसाहतींत प्रत्येक घर दुसऱ्या घराला ओळखत असे. मुलगा कसा आहे, त्याचे आईवडील कसे वागतात, हे विचारायला कुठे जावे लागत नसे.

टाऊनशिपमध्ये चित्र बदलले. मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे नातेवाईक नागपूरला, नाशिकला किंवा अहमदनगरकडे, आणि मुले मात्र हिंदीत बोलत, हिंदीत प्रार्थना करत वाढलेली. आईला सून मराठी बोलणारी हवी असते. मुलाची मैत्री मंडळीच्या तरुण संघातल्या तेलुगू किंवा मल्याळी मुलीशी झालेली असते. एक कुटुंब एका मंडळीचे, दुसरे वेगळ्याच परंपरेचे. नागपूरहून आलेला बायोडेटा पगार आणि उंची सांगतो, पण तो मुलगा रागावल्यावर कसा वागतो हे सांगत नाही.

अशा वेळी "देव दाखवील" हे वाक्य खरेही असते आणि कधी कधी पळवाटही असते. खरे कधी आणि पळवाट कधी, हे समजून घ्यायला हवे.

विहिरीवरची परीक्षा

पवित्र शास्त्रात जोडीदार शोधण्याची सर्वांत सविस्तर गोष्ट उत्पत्तीच्या 24व्या अध्यायात आहे. अब्राहाम आपल्या वृद्ध सेवकाला इसहाकासाठी वधू शोधायला पाठवतो. सेवक दहा उंट घेऊन लांबचा प्रवास करतो आणि संध्याकाळी, स्त्रिया पाणी भरायला येतात त्या वेळी, गावाबाहेरच्या विहिरीपाशी थांबतो. तिथे तो देवाकडे एक खूण मागतो. मी पाणी मागितल्यावर जी मुलगी मलाच नव्हे तर माझ्या उंटांनाही पाणी पाजायला तयार होईल, तीच तू नेमलेली असू दे.

आपण ही गोष्ट वाचतो आणि म्हणतो, बघा, खूण मागितली आणि मिळाली! मग आपणही खुणा मागू लागतो. रविवारी त्याने निळा शर्ट घातला तर होकार, बारा वाजायच्या आत फोन आला तर होकार.

पण सेवकाने काय मागितले ते नीट पाहा. लांबच्या प्रवासाने तहानलेला एकेक उंट शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. असे दहा उंट, आणि पाणी घागरीने काढायचे. अनोळखी म्हाताऱ्या वाटसरूसाठी, कोणी न सांगता, एवढे कष्ट उपसायला तयार होणारी मुलगी कशी असेल? ती उदार असेल, कामाला न कंटाळणारी असेल, परक्याशीही मायेने वागणारी असेल. सेवकाने मागितलेली खूण ही स्वभावाची परीक्षाच होती. निळ्या शर्टातून असे काहीच कळत नाही.

पुढेही त्याने घाई केली नाही. रिबका पाणी काढत होती तेव्हा तो गप्प राहून तिला निरखत होता. मग त्याने तिचे घर कोणते ते विचारले, तिच्या माणसांना भेटला, आपण कोण आणि का आलो हे सगळे उघडपणे सांगितले. आणि शेवटी घरच्यांनी रिबकेला बोलावून विचारले, तू या माणसाबरोबर जातेस का? तिने स्वतःच्या तोंडाने होकार दिला.

या एका अध्यायात प्रार्थना आहे, स्वभावाची पारख आहे, वडीलधाऱ्यांचा सहभाग आहे आणि मुलीची संमतीही आहे. यातले एक जरी वगळले तरी गोष्ट अपुरी राहते. आपल्याकडे बहुतेक वेळा शेवटचे दोन एकमेकांविरुद्ध उभे केले जातात: एक तर आईवडिलांचे ऐकायचे, नाही तर स्वतःच्या मनाचे. रिबकेच्या घरी दोन्ही होते.

राजनांदगावला जाणारी गाडी

भिलाईहून नागपूरकडे निघालेली गाडी दुर्ग सोडते आणि तीसेक किलोमीटरवर राजनांदगावला थांबते. मराठी ख्रिस्ती माणसाने या स्थानकावर क्षणभर तरी मान वर करून पाहावे, कारण मराठीतल्या एका सुप्रसिद्ध संसाराला इथल्याच वाटेवर वळण लागले.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे लग्न 1880च्या सुमारास झाले. लक्ष्मीबाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात वाढलेल्या. निवड ना त्याची ना तिची. वडीलधाऱ्यांनी ठरवले आणि लग्न झाले. त्या काळची रीतच तशी होती.

पुढे 1893च्या सुमारास टिळकांना राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. तिकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्याने त्यांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जे धरले ते सोडलेच नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपण ही गोष्ट साक्ष म्हणून सांगतो, आणि ती साक्ष आहेच. पण लक्ष्मीबाईंच्या बाजूनेही ती पाहायला हवी. पत्नीला बरोबर घेऊन, तिच्या संमतीने टाकलेले पाऊल ते नव्हते. तिच्यासाठी तो आकाश कोसळल्यासारखा दिवस होता. चार-पाच वर्षे ती मुलासह नातलगांच्या आधाराने, नवऱ्यापासून दूर राहिली. देवाने आपल्याला बोलावले याची नवऱ्याला खात्री होती. त्या खात्रीची किंमत मात्र घरातल्या दुसऱ्या माणसालाही मोजावी लागली.

त्यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लक्ष्मीबाई पुन्हा टिळकांकडे आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांनी आपले सोवळे पाळले, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. दोन वेगळ्या श्रद्धांची माणसे एका छपराखाली राहिली. त्या सहवासात, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या, स्वतः विचार केलेल्या गोष्टींतून लक्ष्मीबाईंच्या मनातली जातिभेदाची भिंत पडली. 1900 साली त्यांनी राहुरीला स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले, आणि 'स्मृतिचित्रे' लिहून हा सगळा संसार, त्यातली भांडणे आणि हसू यांसकट, मराठी वाचकांपुढे ठेवला.

या गोष्टीचा कोणी चुकीचा अर्थ काढू नये. "टिळकांची बायको नंतर ख्रिस्ती झाली, मग माझाही होणारा नवरा होईल" असा आधार तिच्यात नाही. त्यांचे लग्न आधीच झालेले होते. अशा घरांसाठीच पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे की, विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहायला राजी असेल तर विश्वासणाऱ्याने त्याला सोडू नये. लग्न ठरवताना आपण कोणत्या आशेवर पाऊल टाकतो, हा वेगळा प्रश्न आहे.

या संसारातून शिकण्यासारखे आणखी आहे. देवाचे मार्गदर्शन लग्नाच्या दिवशी संपत नाही. ज्यांनी एकमेकांना निवडलेही नव्हते, त्यांच्या संसारातही देव काम करत राहिला. आणि देवाचा स्पर्श झालेला माणूस दुसऱ्यावर जबरदस्ती करत नाही, तो वाट पाहतो.

"देवाने मला सांगितले आहे"

मंडळीतल्या तरुणांच्या बोलण्यात हे वाक्य कधी कधी येते. एखादा मुलगा मुलीला म्हणतो, "मी प्रार्थना केली, देवाने मला तुझेच नाव दिले." बिचारी मुलगी गोंधळते. तिला तो आवडत नाही, पण नकार दिला तर आपण देवाला नकार देतो की काय, अशी भीती तिच्या मनात बसते. कधी हेच वाक्य आईवडील वापरतात, कधी प्रार्थनागटातले एखादे वडीलधारे.

मुलींनो आणि मुलांनो, हे लक्षात ठेवा. देव जर दोघांना एकत्र आणणार असेल तर तो दोघांशीही बोलू शकतो. एकाला सांगून दुसऱ्यावर सक्ती करण्याची त्याला गरज नाही. कोणाच्या दर्शनामुळे किंवा स्वप्नामुळे तुमचा होकार बांधला जात नाही. "मला तसे वाटत नाही" हे उत्तर नम्रपणे द्या, आणि पुन्हा पुन्हा तगादा लागला तर घरी सांगा किंवा ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे अशा पाळकांना सांगा.

आपल्या स्वतःच्या मनाबद्दलही सावध असावे. शास्त्यांच्या 14व्या अध्यायात शमशोनाला तिम्ना गावातली मुलगी आवडली, आणि आईवडिलांनी समजावले तरी त्याने एकच धोशा लावला. आवड असणे वाईट नाही. पण आवड एवढी मोठी झाली की कोणाचे ऐकूच येईनासे झाले, तर तिथे थांबून पुन्हा प्रार्थना करावी.

एकच जू

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात विजोड जुवाचा इशारा दिला आहे. शेती पाहिलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. एका जुवाला बैल आणि गाढव जुंपले तर दोघांची मान सोलते आणि तासही सरळ पडत नाही.

हा इशारा दुसऱ्या धर्माच्या माणसांना कमी लेखण्यासाठी नाही. आपल्या इमारतीत, आपल्या खात्यात आपल्यापेक्षा प्रामाणिक आणि मायाळू अशी कितीतरी माणसे आहेत. प्रश्न एवढाच की रविवारी कुठे जायचे, मुलांना काय शिकवायचे, संकटात कोणाला हाक मारायची, यांवर रोजचा संसार उभा राहतो. ज्याच्यासाठी येशू जीवनाचा प्रभू आहे त्याने या प्रश्नांची उत्तरे लग्नाआधी मागावीत. आणि लग्नापुरता घेतलेला बाप्तिस्मा हे त्याचे उत्तर नव्हे. त्यात देवाचाही मान राहत नाही आणि त्या माणसाचाही.

मात्र हेही प्रामाणिकपणे मान्य करू या की दोघे ख्रिस्ती असले म्हणजे जू जुळलेच असे नाही. दाखल्यावर नाव ख्रिस्ती आहे, पण घरात शिव्या आणि दारू आहे, असे स्थळ विजोडच आहे. उलट, मंडळी वेगळी, भाषा वेगळी, पण दोघेही प्रभूवर प्रीती करणारे, असे स्थळ केवळ "आपल्यातले नाही" म्हणून नाकारताना आईवडिलांनी स्वतःला विचारावे: हा नकार विश्वासातून येतो की जातीच्या जुन्या आठवणीतून? लक्ष्मीबाईंनी जी भिंत पाडायला वर्षे घेतली, ती आपण मुलांच्या लग्नात पुन्हा तर बांधत नाही ना? मवाबी रूथला बवाजाने स्वीकारले आणि त्याच वंशावळीत पुढे दावीद राजा आला, प्रभू येशूही आला.

हुंड्याबद्दलही बोलायला हवे. 1961च्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. "आम्हाला काही नको, तुम्ही तुमच्या मुलीला काय द्याल ते द्या" हे वाक्य प्रार्थनेनंतर उच्चारले तरी त्याचा अर्थ बदलत नाही. जिथे मुलीची किंमत गाडीत आणि सोन्यात मोजली जाते, तिथे देवाचे मार्गदर्शन शोधत बसायची गरज नाही. उत्तर मिळालेले आहे.

मग प्रत्यक्षात काय करावे?

पहिले, प्रार्थना लवकर सुरू करा. स्थळ पसंत करून झाल्यावर त्यावर शिक्का मागण्यासाठी प्रार्थना करू नका. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात सांगितले आहे की ज्ञान उणे असेल तर देवाकडे मागावे, तो दोष न लावता देतो. "प्रभू, मला अमुकच हवा" याऐवजी "प्रभू, मला जे दिसत नाही ते दाखव" असे मागून पाहा.

दुसरे, माणूस पाहा. तो आईशी, बहिणीशी, रिक्षावाल्याशी, हॉटेलातल्या पोऱ्याशी कसा बोलतो? चूक झाली तर कबूल करतो का? पैसा कसा वापरतो? कर्ज किती आहे? त्याच्या मंडळीतले पाळक त्याला खरोखर ओळखतात, की फक्त नाताळला पाहतात? हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. अब्राहामाच्या सेवकानेही पाहिले आणि विचारले.

तिसरे, वेळ द्या आणि दोघांना बोलू द्या. पंधरा मिनिटांच्या चहापाण्यात आयुष्याचा होकार मागू नका. मुलगी नोकरी करणार का, आईवडिलांची जबाबदारी कोण घेईल, मुले कधी हवीत, आजारपणे कोणती आहेत, हे प्रश्न विचारायला लाजू नये.

चौथे, सल्ला घ्या. मंडळीतल्या एखाद्या जोडप्याकडे जा, ज्यांचा संसार तुम्ही वीस वर्षे पाहिला आहे. विवाहपूर्व समुपदेशन मिळत असेल तर दोघांनीही घ्या. तुमच्याहून वडीलधाऱ्या, तुमच्यावर माया करणाऱ्या तीन-चार माणसांना एकाच गोष्टीची काळजी वाटत असेल तर ती काळजी गांभीर्याने घ्या.

पाचवे, सगळे उजेडात करा. ख्रिस्ती विवाह 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार होतो. मुलाचे वय 21 आणि मुलीचे 18 पूर्ण असावेच लागते. बऱ्याच मंडळ्यांत लग्नाआधी विवाहाची सूचना सर्वांसमोर वाचली जाते, म्हणजे कोणाची हरकत असेल तर ती सांगता यावी. आपण ती औपचारिकता समजतो, पण तिच्यामागे शहाणपण आहे. जे लपवून करावे लागते त्याबद्दल दोनदा विचार करावा.

आणि शेवटी, शांती. सगळे पाहून, विचारून झाल्यावरही मनात एक खोल अस्वस्थता उरत असेल तर थांबा. साखरपुडा झाला असेल तरी थांबता येते. हॉलचे पैसे बुडतील, लोक चार दिवस बोलतील. चाळीस वर्षांच्या दुःखापुढे ते काहीच नाही. आईवडिलांनो, तुमचे मूल असे सांगायला आले तर आधी त्याचे ऐकून घ्या.

ज्यांचे अजून जमले नाही, आणि ज्यांचे चुकले

काही वाचकांचे वय तिशीच्या पुढे गेले असेल. मंडळीतली प्रत्येक काकू विचारते, म्हणून रविवारी मागच्या दाराने बाहेर पडावेसे वाटत असेल. देवाने तुम्हाला विसरलेले नाही. पौल एकटाच होता आणि त्याने एकटेपणालाही देवाचे दान म्हटले. लग्न झाले तरच आयुष्य पूर्ण होते असे पवित्र शास्त्र कुठेही सांगत नाही, आपणच सांगतो. काकूंनाही एक विनंती: विचारण्याऐवजी त्या मुलीला एकदा घरी जेवायला बोलवा.

आणि काही जण लग्नानंतर हा लेख वाचत असतील, जड मनाने. "मी देवाची इच्छा चुकले, आता सगळे संपले" असे वाटत असेल. अकरा वर्षांच्या मुलीच्या, न विचारता लावलेल्या लग्नातूनही देव काय करू शकला हे आपण आत्ताच पाहिले. तुमच्या संसारातही तो आहे. पण मारहाण, धमक्या, छळ सोसत राहणे म्हणजे विश्वास नव्हे. तसे असेल तर गप्प राहू नका. माहेरी सांगा, विश्वासू पाळकांना सांगा, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. जीव वाचवणे ही देवाच्या इच्छेविरुद्ध गोष्ट नाही.

पुढच्या रविवारी आवारात कोणी विचारले, तर "प्रार्थना करतोय" असेच म्हणा. फक्त त्या प्रार्थनेत डोळे मिटण्याबरोबर डोळे उघडे ठेवणेही असू द्या. नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय आपल्याला स्वतःच्या बुद्धीवर टेकून राहू नका म्हणतो. बुद्धी वापरूच नका, असे तो म्हणत नाही.

आपण प्रार्थना करू या: हे प्रभू, आमच्या मुलामुलींना दिसण्यापलीकडचे पाहायला शिकव. आम्हा आईवडिलांना हट्ट सोडायला आणि ऐकायला शिकव. जे वाट पाहत आहेत त्यांना धीर दे, जे दुखावले आहेत त्यांना आधार दे, आणि आमच्या प्रत्येक घरात तू स्वतः राहा. आमेन.